सायलेन्सर वेल्डिंगच्या शेजारीच का तुटतो?

प्रश्न : निफाड तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेत फवारणीसाठी एका सिलिंडरचा, १५ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर आहे. मंडपाच्या तारांत अडकू नये म्हणून त्याचा सायलेन्सर बोनेटवर उभा न ठेवता खालून आडवा काढलेला आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या आणि सायलेन्सरचा पाइप फ्लँजपासून (इंजिनला बोल्टने जोडायच्या चकतीपासून) दोन बोटांवर तुटला. गावातल्या वेल्डरकडून तो जोडून घेतला, तो दीड महिना टिकला. दुसऱ्यांदा त्याने भरपूर रॉड घालून जाड वेल्डिंग केले, ते १२ दिवसांतच गेले. आता पाण्याच्या जुन्या जी.आय. पाइपचा तुकडा वरून चढवून जोडावा, असे तो सुचवतो. तसे केल्यास टिकेल का, की नवाच सायलेन्सर घ्यावा? सोबत छायाचित्र पाठवत आहे.
— एक द्राक्ष बागायतदार

उत्तर : आपण छायाचित्र पाठवले हे फार बरे केले, कारण वेल्डरला न दिसलेल्या दोन गोष्टी त्यात दिसतात. पहिली अशी की वेल्डिंगची जाड माळ शाबूत आहे आणि तडा तिच्या कडेकडेने, पेन्सिलीने रेघ ओढावी तसा, पाइपच्या मूळ पत्र्यातून गेला आहे. दुसरी गोष्ट छायाचित्राच्या खालच्या कोपऱ्यात आहे. सायलेन्सरच्या पोटाला जोडलेल्या आधाराच्या पट्टीच्या टोकाचे भोक रिकामे असून त्याची कड झिजून चकचकीत झाली आहे. तेथील बोल्ट कधी तरी पडला आणि तेव्हापासून सायलेन्सरचा सगळा भार फ्लँजजवळच्या दोन बोटांच्या पाइपवर लोंबकळतो आहे. आपल्या दुखण्याचे मूळ या भोकात आहे. वेल्डिंग कितीही चांगले केले तरी ते या भोकाची भरपाई करू शकत नाही.

थोडा हिशेब मांडून पाहू. आपले इंजिन चार स्ट्रोकचे आणि एका सिलिंडरचे आहे, म्हणजे दर दोन फेऱ्यांना एक ज्वलन होते. ब्लोअर (पंख्याचे फवारणी यंत्र) चालवताना पी.टी.ओ.चे, म्हणजे त्याला शक्ती देणाऱ्या ट्रॅक्टरच्या दांड्याचे, फेरे कायम राखावे लागतात, म्हणून थ्रॉटल एका जागी लावून ठेवलेला असतो. इंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २० धक्के बसतात आणि सहा तासांच्या फवारणीत हा आकडा सव्वाचार लाखांच्या पुढे जातो. रस्त्यावर चालणाऱ्या ट्रॅक्टरचे फेरे सतत कमीजास्त होत असतात. फवारणीच्या ट्रॅक्टरचे मात्र तासन्‌तास एकाच ठिकाणी राहतात, आणि त्या फेऱ्यांना लोंबकळणारा सायलेन्सर डोलू लागला, तर पुढचे सगळे धक्के त्याच लयीत त्याला झोके देत राहतात. तार एकाच जागी मागेपुढे वाकवून आपण तोडतो, तसेच हे तुटणे आहे.

मग तुटणे नेमके वेल्डिंगच्या कडेलाच का होते? वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या पट्ट्यातील पोलादाची घडण बदलते आणि गार होताना आकसण्याचा ताण तेथेच अडकून राहतो. शिवाय जाड माळ जेथे संपते तेथे पायरी तयार होते. माळ वाकत नाही, त्यामुळे वाकण्याचे सगळे काम त्या पायरीलगतच्या दीड-दोन मिलिमीटर पत्र्याला करावे लागते. आपल्या वेल्डरने दुसऱ्यांदा जास्त रॉड घातला तो चांगल्या हेतूनेच. पण त्यामुळे पायरी उंच झाली आणि दीड महिन्याचे आयुष्य १२ दिवसांवर आले.

जी.आय. पाइपचा विचार मात्र सोडून द्यावा. त्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि पोलाद वितळण्यासाठी १,५०० अंशांच्या आसपास तापमान लागते. म्हणजे जोड लागण्याच्या आधीच जस्ताची वाफ होऊन पांढरा धूर निघतो. हा धूर छातीत गेला, तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येते आणि तो दिवस वाया जातो. वाफ जोडात अडकून वेल्डिंगमध्ये बारीक छिद्रे राहतात ती वेगळीच. दुकानात मुलामा नसलेला काळा पाइप मिळतो, त्याचाच तुकडा घ्यावा.

नवा सायलेन्सर घ्यायचा की नाही, हे ठरवण्यासाठी जुना उतरवून गार झाल्यावर त्याच्या पोटावर लहान हातोडीने हलकेच ठोकत जावे. खणखणीत आवाज येतो तेथे पत्रा धड आहे. बद्द आवाज येईल तेथे स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. टोक आत गेले, तर पोट गंजाने खाल्ले आहे आणि त्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही. आत सुटा खडखडाट ऐकू आला, तर आतील पडदे निखळले आहेत, तेव्हाही नवाच घ्यावा. पोट धड असेल, तर फक्त पाइपची दुरुस्ती पुरेशी आहे. आपल्या छायाचित्रावरून तरी पोट बरे दिसते.

दुरुस्ती करताना दोनदा वेल्डिंग झालेला भाग तसाच ठेवून वरून तिसरा थर देऊ नये. तडा, जुन्या माळा आणि त्यांच्या दोन्ही बाजूंचा बोटभर पाइप कापून टाकावा. काळ्या पाइपचा असा तुकडा निवडावा की तो राहिलेल्या दोन्ही टोकांवर बाहेरून घट्ट सरकेल आणि प्रत्येक बाजूला जागा असेल तितका चढेल. आतून तुकडा बसवला, तर धूर जाण्याची वाट अरुंद होते, म्हणून तो बाहेरूनच हवा. जोडायच्या जागेवरील गंज, रंग आणि आतली काजळी ग्राइंडर व तारेच्या ब्रशने घासून धातू पांढरा दिसेपर्यंत साफ करावी. काजळीवर केलेले वेल्डिंग दिसायला जोड असते, पकड नसते.

यानंतरची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. सगळे भाग ट्रॅक्टरवर जागेवर चढवावेत, फ्लँजचे आणि आधाराच्या पट्टीचे बोल्ट हाताने घट्ट होतील इतपत लावावेत आणि मगच वेल्डिंगचे तीन-चार टाके (भाग जागेवर धरण्यापुरते ठिपके) मारावेत. टाके मारण्यापुरती का होईना, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी आणि अर्थिंगचा क्लॅम्प त्याच पाइपवर, जोडाच्या जवळ लावावा. तो लांब चाकाजवळ लावला, तर प्रवाह बेअरिंगमधून वाट काढतो. खाली वाळलेला पाला किंवा डिझेलचे ओघळ नकोत. नंतर सायलेन्सर उतरवून पक्के वेल्डिंग जमिनीवर करावे. टेबलावर सरळ जोडलेला पाइप गाडीवर बसत नाही, मग बोल्ट आवळून तो ओढून बसवला जातो आणि इंजिन सुरू होण्याआधीच त्याच्यात ताण भरलेला असतो.

एवढ्या पातळ पत्र्याला २.५ मिलिमीटरचा साधा ६०१३ रॉड पुरतो. आपल्या मशीनवर ६० ॲम्पिअरच्या आसपास सुरुवात करून तशाच जाडीच्या भंगार तुकड्यावर हात बसवून घ्यावा. भोक पडू लागले, तर प्रवाह कमी करावा; रॉड चिकटू लागला, तर थोडा वाढवावा. एका दमात पूर्ण गोल न फिरता समोरासमोर, थोडे थोडे करत जावे, म्हणजे पाइप एका बाजूला ओढला जात नाही. तालुक्याच्या गावी सी.ओ.टू. वेल्डिंगची (रॉडऐवजी तार आणि वायू वापरून होणाऱ्या वेल्डिंगची) सोय असेल, तर या कामासाठी मी तिलाच पसंती देईन, कारण पातळ पत्र्यावर तिची उष्णता आटोक्यात ठेवणे सोपे जाते. माळ बारीक आणि सपाट असावी. फ्लँजचे तोंड काचेवर ठेवून डुगडुगते का पाहावे, डुगडुगल्यास कानशीने सपाट करावे आणि पॅकिंग नवेच घालावे.

आता त्या रिकाम्या भोकाकडे येऊ. झिजलेले भोक वेल्डिंगने भरून पुन्हा पाडावे किंवा पट्टीच नवी करावी. पट्टीचे दुसरे टोक इंजिनच्या किंवा क्लच हाउसिंगच्या बोल्टलाच हवे. काही जण सोय म्हणून ते मडगार्डच्या पत्र्याला बांधतात. मग इंजिन एका तालावर आणि मडगार्ड दुसऱ्या तालावर थरथरते आणि त्या ओढाताणीत पाइप तुटतो. बोल्टला स्प्रिंग वॉशर घालावा आणि पहिल्या दहा-बारा तासांच्या कामानंतर सगळे बोल्ट एकदा पुन्हा आवळावेत.

एक गोष्ट बागायतदारांसाठी खास. बोर्डो मिश्रणात चुना पुरेसा पडला की नाही, हे आपण लोखंडी विळा बुडवून पाहता. विळ्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी आहे असे समजता. तो थर मोरचुदातील तांब्याचा असतो आणि जितके तांबे चढते त्या प्रमाणात विळ्याचे लोखंड विरघळते. खालून काढलेल्या सायलेन्सरवर असाच तुषार बसत राहतो आणि वेल्डिंगजवळची उघडी जागा आधी खाल्ली जाते. म्हणून जोड गार झाल्यावर त्यावर उष्णतारोधक ॲल्युमिनियम रंगाचे दोन हात द्यावेत, आणि फवारणीनंतर ट्रॅक्टर धुताना, सायलेन्सर गार झालेला असताना, त्यावरही पाणी मारावे.

प्रश्न : आमच्या ट्रॅक्टरचा तडा सायलेन्सरमध्ये नसून इंजिनला लागून असलेल्या बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये (इंजिनचा धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या ओतीव भागात) आहे. तो आवळणारा एक स्टडही (बिनडोक्याचा बोल्ट) आतच तुटला आहे. घरच्या मशीनवर हे काम होईल का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : तड्याचे काम घरी करू नये, असे माझे मत आहे. बिडात कार्बन भरपूर असल्यामुळे साध्या रॉडने केलेला जोड काचेसारखा कडक होतो आणि गार होता होताच ‘टक्’ असा आवाज करून शेजारी उकलतो. त्याला निकेलचा रॉड लागतो, तो महाग असतो. तड्याच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचे भोक पाडून तडा पुढे सरकण्याचे थांबवावे लागते, मॅनिफोल्ड आधी तापवावा लागतो, इंचाहून लहान टप्प्यांत वेल्डिंग करून प्रत्येक टप्पा गरम असतानाच हातोडीने हलका ठोकावा लागतो आणि शेवटी तो कोरड्या राखेत पुरून रात्रभर हळूहळू गार होऊ द्यावा लागतो. बिडाचे काम नेहमी करणारा कारागीर मिळाला, तर जरूर करून घ्यावे. अन्यथा जुन्या भागांच्या बाजारात धड मॅनिफोल्ड शोधणे स्वस्त पडते.

स्टडचे काम मात्र आपल्याला जमण्यासारखे आहे. तुटलेले टोक थोडे जरी बाहेर असेल, तर त्यावर नट ठेवून नटाच्या भोकातून दोन्ही एकजीव होतील असे वेल्डिंग करावे. लाली गेल्यावर पान्याने घाई न करता मागेपुढे हलवत नट फिरवावा. उष्णतेने गंजाची पकड सुटलेली असते, त्यामुळे स्टड बहुधा निघून येतो. नवे नट पितळेचे घातले, तर पुढच्या वेळी हा खटाटोप करावा लागणार नाही.

प्रश्न : सायलेन्सरला घरीच चार टाके मारले. काच एकदाच बाजूला ठेवली होती, पण रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे झाले. घरच्यांनी बटाट्याचे काप ठेवले. हे योग्य आहे का?
— एक वाचक, बारामती तालुका

उत्तर : हा वेल्डिंगच्या अतिनील किरणांनी बुबुळाच्या पृष्ठभागाला बसलेला चटका आहे. तो काही तासांनी जाणवतो आणि बहुधा एक-दोन दिवसांत बरा होतो. डोळे चोळू नयेत, अंधाऱ्या खोलीत विश्रांती घ्यावी आणि बंद पापण्यांवर स्वच्छ गार पाण्याची घडी ठेवावी. बटाटा, दूध किंवा घरात पडून असलेले जुने थेंब डोळ्यांत जाऊ देऊ नयेत. त्यामुळे जंतुसंसर्ग होऊ शकतो. दोन दिवसांनीही ठणका राहिला किंवा अंधुक दिसू लागले, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. ग्राइंडरचा कण उडून गेल्याची शंका असेल, तर दोन दिवस थांबूही नये, त्याच दिवशी जावे. टाका मारण्यासाठी लागणारी काच १० किंवा ११ क्रमांकाची असते. उन्हाचा चष्मा तिची जागा घेऊ शकत नाही.