शर्टाच्या आतला टॉवेल

मुलं तिशीला आली तरी त्यांचं कौतुक कसं करायचं, हे भल्याभल्या आईबापांना उमगत नाही. करायला जावं तर मुलंच फुगून बसतात. अशीच तक्रार घेऊन एक निवृत्त काका माझ्याकडे आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

त्यांच्या मुलाने आणि मुलीने सातारा हिल हाफ मॅरेथॉन पूर्ण केली. २१.१ किलोमीटर. आधी यवतेश्वरचा घाट चढायचा, मग तोच उतरायचा. काकांनी दोघांचे पदक घातलेले फोटो स्टेटसला टाकले आणि खाली लिहिलं : चिरंजीव २ तास ४ मिनिटे, कन्या २ तास ५७ मिनिटे. तेव्हापासून मुलगी फोन उचलेना.

"मॅडम, खोटं काय लिहिलं मी? मला दोघांचा सारखाच अभिमान आहे हो."

खोटं काहीच नव्हतं. पण दोन आकडे एकाखाली एक मांडले की माणूस वजाबाकीच करतो. "दहावीच्या मार्कांपासून हेच चाललंय का?" असं विचारल्यावर काका खिडकीकडे बघू लागले.

"मुलगा आला, त्यानंतरची त्रेपन्न मिनिटं तुम्ही काय करत होता?"

"उभा होतो तिथंच. पाऊस होता. पोरगा म्हणाला, गाडीत बसा. पण तिचा टॉवेल होता ना माझ्याकडं. भिजू नये म्हणून शर्टाच्या आत धरला होता."

"हे तिला सांगितलंत?"

"त्यात काय सांगायचं?"

आपल्याकडच्या बापांचं हे असंच. नको ते गावभर, आणि हवं ते शर्टाच्या आत!

माफी मागा, असं मी म्हटलं नाही. स्टेटस तर २४ तासांत आपोआप गेलंच होतं. एवढंच सुचवलं, की तिला भेटा, वेळेचा विषय काढू नका, घाट कसा होता ते विचारा आणि मग गप्प बसा. शेवटचं त्यांना सगळ्यात जड गेलं असणार.

पंधरा दिवसांनी काका परत आले. चढापेक्षा उतारावरच मुलगी रडकुंडीला आली होती, हे त्यांना आत्ता कळलं होतं. उतरताना बोटं बुटाच्या टोकाला आपटत राहतात. तिने मोजा काढून अंगठ्याचं काळंनिळं नख दाखवलं.

"आणि टॉवेलचं?"

"सांगितलं. म्हणाली, तरीच तो कोरडा होता!"