इंग्लंडमधल्या संडरलंडची व्हॉक्स ब्रुअरी (बिअरचा कारखाना) तोट्यात गेल्यामुळे बंद पडली का?

नाही, १९९९च्या जुलैमध्ये बंद झाली तेव्हाही ती नफ्यात होती. १८३७ साली कथबर्ट व्हॉक्स यांनी सुरू केलेली ही कंपनी पुढे हॉटेल व्यवसायातही शिरली, आणि शेवटी संचालक मंडळाने ‘स्वॉलो’ हॉटेलांवरच भर द्यायचं ठरवलं. ब्रुअरी विकत घेऊन चालू ठेवण्याचा व्यवस्थापकांचा प्रस्तावही फेटाळला गेला, हे फार वाईट झालं. शेवटपर्यंत गावातल्या पबांना बिअरची पिंपं घोडागाडीतून पोचवणारी ब्रुअरी होती ती! मात्र तिची बिअर पूर्ण संपली असं नाही: दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातून परतलेल्या अर्नेस्ट व्हॉक्स यांच्या मॅक्सिम मशीनगनवरून नाव पडलेली ‘डबल मॅक्सिम’ व्हॉक्सच्याच जुन्या मंडळींनी पुन्हा बाजारात आणली.