रेडियमची पट्टी पोरं लावतच नाहीत, काय करू?

प्रश्न : ताई, आमची वाडी हायवेच्या वरच्या अंगाला आणि हायस्कूल खाली पलीकडे. पावसाळ्यात जादा तास सुटतात तेव्हा रस्त्यावर काळोखच असतो. शाळेतून मुलांना चमकणाऱ्या पट्ट्यांची जॅकेटं मिळाली, थोडे दिवस घातली, आता दप्तरात कोंबलेली असतात. मुलगा म्हणतो सगळे हसतात, रस्त्याच्या कामावरचा आला म्हणतात. ओरडून झालं, समजावून झालं. - एक आई, राजापूर तालुका

उत्तर : ताई, आधी ओरडणं बंद करा, कारण मुलगा खरं तेच सांगतोय, त्या वयात चारचौघांत वेगळं दिसायचं म्हणजे जीवावर येतं. जॅकेटचा हट्ट सोडा, पट्टीचा मात्र अजिबात सोडू नका.

पोरांना वाटतं की गाडीचे दिवे आपल्याला लांबून दिसतात म्हणजे ड्रायव्हरलाही आपण दिसत असणार, आणि इथेच घात होतो. काळा रेनकोट, काळी छत्री, निळी पँट असलेलं मूल लो बीमवर साधारण 25-30 मीटरवर आल्यावर दिसतं, आणि 60 च्या स्पीडची गाडी एका सेकंदात 16-17 मीटर जाते, म्हणजे ब्रेकवर पाय जाईपर्यंत अर्धं अंतर संपलेलं, त्यात रस्ता ओला. चांगली पट्टी 100 मीटरच्या पलीकडूनही चमकते.

पण हे आकडे सांगून पोरांना पटणार नाही, दाखवावंच लागेल. सरांशी बोला, काळोख पडल्यावर ओळखीच्या रिक्षावाल्या दादांना शाळेच्या मैदानात बोलवा, रिक्षा जागेवर उभी ठेवून पोरांना पाळीपाळीने हँडलमागे बसवा आणि मैदानाच्या टोकाला दोघांना चालायला सांगा, एक नुसत्या युनिफॉर्मवर, दुसऱ्याच्या दोन्ही घोट्यांना पट्टी. दिवे लावले की दोन चमकत्या रेघा पुढेमागे हलताना दिसतात आणि माणूस चालतोय हे लगेच कळतं, दुसरा कुठेय ते शोधत बसावं लागतं. आपलाच मित्र दिसत नाहीये हे एकदा स्वतः बघितलं की मग हसायचं कमी होतं.

पट्टी घोट्यालाच का, तर लो बीमचा उजेड खाली पडतो आणि पाय सतत हलतात. दप्तरालाही लावा, पण आपल्याकडे पोरं रेनकोट दप्तरावरून घालतात, मग दप्तराची पट्टी आत झाकून जाते, तेव्हा रेनकोटच्या पाठीवर वेगळी हवीच. ती शिवू नका हां, सुईच्या भोकांतून पाणी झिरपतं, चिकटवायची घ्या. दप्तराला मात्र शिवलेलीच टिकते. आणि घेताना ओली करून बघा, कारण ज्यात काचेचे बारीक मणी उघडे असतात ती स्वस्तातली पट्टी भिजली की बरीचशी मंद होते, आणि आपल्याला तर ती भर पावसातच लागणार. मोबाईलचा टॉर्च डोळ्याजवळ धरून लांबून बघा, पट्टीवर पडलेला उजेड ती जिथून आला तिकडेच परत पाठवते, म्हणून टॉर्च बाजूला धरला तर चमक कळत नाही.

कापायचं-चिकटवायचं काम मोठ्या पोरांकडेच द्या, आकार त्यांना हवा तो काढू दे, फक्त एकट्यादुकट्याला नको, सगळ्यांना एकाच दिवशी लावा, सरांच्या आणि बाईंच्या बॅगांनाही. फिनलंडमध्ये काळोखात पायी चालणाऱ्याने रिफ्लेक्टर लावावा असा कायदाच आहे, तिथे मोठी माणसंही कोटाला लटकवून फिरतात. तुमच्या छत्रीला, यजमानांच्या हेल्मेटला पट्टी नसेल तर मुलाला तरी कुठल्या तोंडाने सांगणार?

प्रश्न : काळोखात हिरवट चमकणारे चांदण्यांचे स्टिकर घरात आहेत, तेच दप्तराला लावले तर चालतील का? आणि भगवी टोपी? - एक बाबा, गुहागर

उत्तर : स्टिकर नाही चालणार. ते साठवलेला उजेड थोडा थोडा सोडतात, रस्त्यावरच्या ड्रायव्हरला त्याचा उपयोग शून्य. भडक भगवी टोपी दिवसा, पावसाच्या मळभात छान उठून दिसते, रात्री हेडलाइटमध्ये तिचा भडकपणा राहत नाही, तेव्हा टोपी ठेवा आणि तिला पट्टी लावा. फुटपाथ नसेल तिथे उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं चालायला शिकवा, घाटाच्या वळणावर तर कडेला थांबून गाडी जाऊ द्यायची. आणि पट्टीवर चिखल, बुरशी धरते, आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसून घ्या.