‘टर्न ऑफ इट’ चूक, तर ‘लुक आफ्टर इट’ बरोबर कसं?

तुम्ही प्रश्नात क्लासच्या नोट्समधला नियम दिलाय: ‘क्रियापदाचा अर्थ बदलला की तो फ्रेझल व्हर्ब, आणि फ्रेझल व्हर्ब असला की सर्वनाम मधे.’ (फ्रेझल व्हर्ब म्हणजे क्रियापद आणि ‘ऑफ’, ‘अप’सारखा छोटा शब्द यांची जोडी; ‘मधे’ म्हणजे त्या दोघांच्या मधे.) हा नियम साफ चुकीचा आहे. गाइडं लिहिणाऱ्या एका गृहस्थांशी याच वाक्यावरून माझा जुना वाद आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. महिन्याभरात पाचशे फ्रेझल व्हर्ब पाठ कसे करायचे, ते शेवटी बघू.

‘लुक आफ्टर’मध्ये बघण्याचा काही संबंध उरलेला नाही, अर्थ पार बदललाय. तरी ‘लुक हर आफ्टर’ कोणी म्हणत नाही. उलट ‘टेक द बॉक्स आउट’मध्ये अर्थ जसाच्या तसा, खोका बाहेर काढ. पण सर्वनाम घातलं की ‘टेक इट आउट’च होतं, ‘टेक आउट इट’ नाही. म्हणजे अर्थ बदलला की नाही यावर जागा ठरतच नाही. तो छोटा शब्द क्रियापदाचा आहे की पुढच्या नामाचा, यावर ठरते.

हे आपण मराठीच्या तासाला शिकलोय. ‘पुस्तक वर ठेव’ आणि ‘पुस्तकावर ठेव’. पहिला ‘वर’ क्रियाविशेषण अव्यय, सुटा. दुसरा शब्दयोगी, नामाचं सामान्यरूप करून त्याला जोडलेला. सर्वनाम घाला: ‘ते वर ठेव’, ‘त्याच्यावर ठेव’. मराठीत रूपावरूनच कळतं. इंग्रजीत दोन्हीकडे ‘इट’च, म्हणून तिथे हे काम जागा करते. क्रियाविशेषण असेल तर आधी ‘इट’ आणि मग तो शब्द. प्रिपोझिशन (आपल्या शब्दयोगीसारखा, पण नामाच्या आधी येणारा) असेल तर आधी तो शब्द आणि मग ‘इट’.

एकच शब्द दोन्ही कामं करतो तिथे खरी गंमत. ‘सी थ्रू इट’ म्हणजे एखाद्याची थाप ओळखणं. ‘सी इट थ्रू’ म्हणजे हातातलं काम तडीस नेणं. भिंतीवरून पलीकडे पाहिलं तर ‘लुक्ड ओव्हर इट’, रिपोर्टवरून नजर फिरवली तर ‘लुक्ड इट ओव्हर’. कुत्रा अंगावर धावून आला हे ‘द डॉग टर्न्ड ऑन हिम’ असं सांगायचं. इथे ‘हिम’ मधे घातलंत तर जो अर्थ होतो तो चारचौघांत समजावून सांगता येणार नाही.

गोंधळाचं मूळ नावात आहे. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव रूढ झालं ते 1925मध्ये निबंधकार लोगन पिअरसॉल स्मिथने छापल्यापासून. पुढे व्याकरणकारांनी त्यातून ‘प्रिपोझिशनल व्हर्ब’ वेगळा काढला. व्याकरणकार रँडॉल्फ क्वर्क आणि मंडळींच्या 1985च्या मोठ्या व्याकरणात तर दोन्ही मिळून होणारा तिसरा प्रकारही वेगळा आहे. आपल्या क्लासमध्ये मात्र अजून तिन्ही एकाच यादीत, ए टू झेड.

आता ओळखायचं कसं. अवे, बॅक, अपार्ट, टुगेदर, असाइड हे क्रियापदासोबत नेहमी क्रियाविशेषणच असतात: ‘पुट इट असाइड’. ॲट, फॉर, फ्रॉम, इन्टू, ऑफ (मालकीचा, एक एफवाला), विथ, अगेन्स्ट हे प्रिपोझिशनच: ‘वेट फॉर इट’. क्रियापदांच्या जोडीतला आफ्टरही जवळजवळ नेहमी इथलाच. भांडण फक्त इन, ऑन, ऑफ (दोन एफवाला), अप, डाउन, ओव्हर, थ्रू, अराउंड यांच्यासारख्यांचं.

त्यांच्यासाठी तीन कसोट्या. पहिली, मधे शेवटी ‘ली’ (ly) असलेलं क्रियाविशेषण घालून बघा. ‘ही लुक्ड केअरफुली ॲट इट’ चालतं, कारण ‘ॲट इट’ हा एक गठ्ठा आहे आणि गठ्ठ्याच्या अलीकडे जागा असते. ‘ही टर्न्ड क्विकली ऑफ द लाइट’ चालत नाही. (राइट, स्ट्रेट असे छोटे शब्द मात्र चालतात: ‘टर्न इट राइट ऑफ’.) दुसरी, जोर ऐका. ‘टर्न इट ऑफ’मध्ये जोर ‘ऑफ’वर पडतो. ‘वेट फॉर इट’मध्ये जोर ‘वेट’वर, आणि ‘फॉर’चा पार ‘फर’ होतो. कर्म वाक्याच्या सुरुवातीला गेल्यामुळे छोटा शब्द एकटाच शेवटी उरला असेल, तिथे ही कसोटी लावू नका. ‘व्हॉट आर यू लुकिंग ॲट’मध्ये ‘ॲट’ पुरा उच्चारला जातो. तिसरी, तो शब्द उचलून पुढे न्या. ‘द हिल अप व्हिच ही रॅन’ बरोबर. ‘द बिल अप व्हिच ही रॅन’ हास्यास्पद. टेकडीवर तो धावत चढला, बिल त्याने फुगवलं. ही कसोटी एकाच दिशेने खरी मानायची. शब्द पुढे गेला तर तो नक्की प्रिपोझिशन. नाही गेला म्हणून क्रियाविशेषण ठरत नाही. ‘आफ्टर हूम डिड शी लुक’ कानाला खटकतं, तरी तो ‘आफ्टर’ प्रिपोझिशनच आहे.

‘टर्न ऑफ द लाइट’ आणि ‘टर्न द लाइट ऑफ’ दोन्ही चालतात, मग ‘इट’लाच मज्जाव का? इंग्रजी वाक्यात नवी आणि वजनदार गोष्ट शेवटी जाते. ‘इट’ म्हणजे आधीच माहीत असलेली, हलकी गोष्ट; ती क्रियापदाला चिकटून बसते. म्हणूनच उलट बाजूने, ‘भावाने स्वयंपाकघरात चालू ठेवलेला दिवा’ एवढं लांबलचक कर्म असलं तर ‘ऑफ’ आधी उरकून घेतात.

तीन शब्दांच्या जोड्यांत शेवटचा शब्द प्रिपोझिशन, त्यामुळे सर्वनाम त्याच्यानंतर: ‘पुट अप विथ इट’. दोन कर्मं असली तर एक मधे, एक शेवटी: ‘टॉक मी आउट ऑफ इट’, ‘टेक इट आउट ऑन मी’. यात वेगळं पाठ करण्यासारखं काही नाही.

दुसरं, तुमच्या प्रश्नातलंच ‘आय लाइक व्हेरी मच टी’ हे वाक्य. मराठीत ‘खूप’ क्रियापदाला चिकटतो, म्हणून आपण इंग्रजीतही तसंच करतो. क्रियापद आणि साधं, छोटं कर्म यांच्यात क्रियाविशेषण घुसवायचं नाही: ‘आय लाइक टी व्हेरी मच’. आणि जिथे ‘काल शाळेत शांतपणे बसला’ म्हणतो, तिथे इंग्रजीत क्रम आरशातल्यासारखा उलटतो: सॅट, क्वाएटली, ॲट स्कूल, यस्टरडे.

काही अपवाद. मुद्दाम जोर दिला तर ‘कॉल अप हिम, नॉट हर’ म्हणतात. ‘दॅट’, ‘समथिंग’ हे ‘इट’इतके हलके नाहीत, ‘पिक अप दॅट’ चालतं. ‘रीड थ्रू इट’ आणि ‘रीड इट थ्रू’ दोन्ही बरोबर. ‘टेल द ट्विन्स अपार्ट’मध्ये नामसुद्धा मधेच लागतं.

राहिले पाचशे. यादी फेकून द्या. वहीत ‘टर्न ऑफ’ असं कधीच लिहू नका. ‘टर्न इट ऑफ’, ‘लुक आफ्टर इट’, असं ‘इट’ त्याच्या जागेसकट लिहा. चांगल्या लर्नर्स डिक्शनरीत ‘समथिंग’ नेमकं कुठे छापलंय ते पाहा. काहींत त्याच्या शेजारी दुहेरी बाण असतो, म्हणजे नाम दोन्हीकडे चालतं. त्या गृहस्थांचं म्हणणं होतं की यामुळे यादी लांबते आणि गाइडाची पानं वाढतात. एका ‘इट’ने वाढून किती वाढणार होती?