महागडी पर्स आणि ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द

प्रश्न : माझ्या साठीनिमित्त परदेशी असलेली मुलगी मला एका नामांकित विदेशी कंपनीची चामड्याची पर्स देऊ इच्छिते. कंपनीच्या माहितीपत्रकात ‘पर्यावरणपूरक’ असे ठळकपणे छापलेले आहे. घरचा कचरा वर्षानुवर्षे निगुतीने वेगळा करणाऱ्या आम्हा इंदूरकरांनी या शब्दावर कितपत विश्वास ठेवावा? त्यापेक्षा ‘व्हीगन लेदर’ची पर्स बरी का?
— एक वाचक भगिनी, रामबाग, इंदूर

उत्तर : केवळ त्या शब्दावर विश्वास ठेवू नये. कातडे कोठे व कसे कमावले आणि पर्स बिघडल्यास कंपनी ती दुरुस्त करून देते का, हे मुलीला दुकानात विचारायला सांगावे. दुकानातील वीज वाचवणारे दिवे आणि कागदी पिशव्या यांविषयी कंपन्या पुष्कळ सांगतात. परंतु गुच्ची या महागड्या फॅशन ब्रँडची मालकी असलेल्या केरिंग समूहाने आपल्या व्यवसायाचा पर्यावरणीय हिशेब मांडला, तेव्हा मोठा भार कच्चा माल आणि त्यावरील प्रक्रिया यांचाच असल्याचे दिसले.

जगातील बहुतेक चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावले जाते, कारण त्यात काम लवकर उरकते आणि चामडे मऊ राहते. सांडपाण्यावर नीट प्रक्रिया झाली नाही तर हेच क्रोमियम नदीत व जमिनीत उतरते, आणि कानपूरच्या जाजमऊ या चामड्याच्या कारखान्यांच्या भागातील लोकांनी ते दीर्घकाळ सोसले आहे. क्रोमियमचे षट्संयुजी रूप (क्रोमियम-6) तर इतके घातक आहे, की त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत ते किलोमागे 3 मिलिग्रॅमपेक्षा कमीच असावे, असे बंधन युरोपीय संघाने 2015 मध्ये लागू केले. बाभळीची साल किंवा आपण औषधासाठी घरात ठेवतो तो हिरडा यांनी कातडे कमावण्याची जुनी रीत आहे. तिला कित्येक आठवडे लागतात. मात्र त्या रीतीतही पाणी लागते आणि सांडपाणी सुटते.

‘लेदर वर्किंग ग्रुप’ ही 2005 साली सुरू झालेली संस्था टॅनरींची, म्हणजे कातडी कमावण्याच्या कारखान्यांची, तपासणी करून सुवर्ण, रौप्य व कांस्य असे दर्जे देते. कंपनी या संस्थेची सदस्य असणे आणि आपल्या हातातील पर्सचे चामडे सुवर्ण दर्जाच्या टॅनरीतून आलेले असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

न विकलेल्या मालाचे काय होते, हेही विचारावे. बर्बेरी या ब्रिटिश फॅशन कंपनीने एका वर्षात 2 कोटी 86 लाख पौंडांचा माल नष्ट केल्याचे 2018 मध्ये उघड झाले आणि टीकेनंतर तिने ती प्रथा बंद केली. कारागिराच्या हातून घडलेली नवी वस्तू केवळ ब्रँडचा रुबाब टिकावा म्हणून नष्ट करावी, हे मला अक्षम्य वाटते.

‘व्हीगन लेदर’ म्हणजे बहुतेक वेळा पॉलियुरेथेन किंवा पीव्हीसी या प्लॅस्टिकचा लेप दिलेले कापड असते. अननसाच्या पानांच्या तंतूंपासून केलेल्या पर्यायांतही कृत्रिम लेप असू शकतो. प्राण्याचे कातडे नको, ही आपली भूमिका असेल तर ती निवड सर्वस्वी रास्त आहे. पण असा लेप काही वर्षांत सोलवटू लागला की पर्स सहसा दुरुस्त होत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे.

चामड्याचीच पर्स घेणार असाल, तर बंद आणि चेन बदलून मिळतात का, किती वर्षे मिळतील आणि इंदूरहून पर्स पाठवण्याचा खर्च कोणी करायचा, हे लेखी घ्यावे. पावसाळ्यात ती प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता सुती कापडात गुंडाळून ठेवावी, म्हणजे बुरशी धरण्याची भीती कमी होते.