एएफएल (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, २० मीटर सर्वांत जोरात धावणाऱ्या पोराला लवकर निवडावं का?

नुसत्या त्या आकड्यावर तर अजिबात नाही. चाचणीत २.९ सेकंदांच्या आत २० मीटर कापणारा मुलगा पाहिला की चाहते वेडे होतात, ते मी समजू शकतो. पण तिथे हातात चेंडू नसतो आणि मागे कुणी लागलेलं नसतं. सामन्यात चेंडू घेऊन पळायचं तर दर १५ मीटरच्या आत तो जमिनीवर आपटावा किंवा टेकवावा लागतो. अंडाकृती चेंडू, पूर्ण वेगात! तिथेच खरी परीक्षा.

२०१२ च्या अंतिम सामन्यातली सिडनी संघाच्या लुईस जेटाची धाव आठवा. मागे हॉथॉर्न संघाचा सिरिल रिओली, तरी चेंडू आपटत आपटत त्याने गोल केलाच. रिओली स्वतः २००७ च्या ड्राफ्टमध्ये बाराव्या क्रमांकावर गेला होता आणि पुढे चार विजेतेपदं जिंकला. त्याची खरी दहशत होती ती प्रतिस्पर्ध्याला गाठून पाडण्यात.

म्हणून मी पोराच्या सामन्यांच्या चित्रफिती बघेन, विशेषतः चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरच्या. दमल्यावर पळता पळता मारलेली किक साथीदारापर्यंत पोचते का? पोचत असेल तर पहिल्या दहात बिनधास्त घ्या. शरीर किरकोळ असलं तरी चालेल, अठराव्या वर्षी ते भरायचंच असतं.