मासळी-आंब्याच्या वाहतुकीला इलेक्ट्रिक पिकअप: किलोमीटरला खर्च किती पडतो?

तुम्ही विचारलंत की गुहागरहून चिपळूणला रोज मासळी आणि हंगामात आंब्याच्या पेट्या न्यायला इलेक्ट्रिक पिकअप घेतली, तर चालवायचा खर्च किती येईल. मी दोन वर्षं रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून लांज्याला मासळी नेतोय, रोजचे ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. तुमची फेरीही साधारण तेवढीच, म्हणून माझाच हिशोब देतो.

बॅटरी २१ युनिटची आहे, पण पूर्ण चार्जला मीटर २४ युनिट दाखवतो. मधली वीज चार्जरच्या उष्णतेत जाते. माल भरून, चढउतार धरून एवढ्यात १०० किलोमीटर होतात. युनिट १० रुपयांना पडलं तर किलोमीटरला २ रुपये ४० पैसे, १५ ला पडलं तर ३ रुपये ६० पैसे. माझी जुनी डिझेल गाडी लिटरला १५ किलोमीटर द्यायची. डिझेल ९० रुपये धरलं तर किलोमीटरला ६ रुपये.

मेख आहे ती युनिटच्या दरात. महिन्याला २००० किलोमीटर म्हणजे ४८० युनिट. घरच्याच मीटरवर लावलंत तर घरचा वापर मिळून ५०० युनिटच्या वरच्या, महागड्या दराच्या स्लॅबमध्ये जाल, शिवाय १६ टक्के वीज शुल्क. महावितरणच्या दरपत्रकात ईव्ही चार्जिंगचा वर्ग वेगळा आहे, त्यात असे स्लॅब चढत नाहीत. त्या वर्गात वेगळा मीटर मिळेल का, हे गाडी बुक करायच्या आधी वीज कार्यालयात विचारा. छतावर ३ किलोवॅट सोलर बसवलात तर पीएम सूर्यघर योजनेत ७८,००० रुपये अनुदान आहे, मात्र पावसाळ्यात त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

ऑइल, डिझेल फिल्टर, क्लच प्लेट हे खर्च संपले. उतारावर मोटरच गाडी धरते, त्यामुळे ब्रेकही कमी झिजतात. थर्ड पार्टी विम्यात १५ टक्के सूट आहे आणि परमिट लागत नाही.

आता आपल्याकडचे खर्च, जे शोरूममध्ये कुणी सांगत नाही. पहिला अर्थिंगचा. आमच्या जांभ्याच्या कातळात एप्रिल-मेमध्ये जमीन इतकी सुकते की अर्थिंग नीट मिळत नाही आणि चार्जर लाल दिवाच दाखवतो, चार्जिंग सुरू करत नाही. रात्री लावलेली गाडी पहाटे रिकामीच होती, मासळीची एक खेप गेली. खोल खड्डा, कोळसा, मीठ, आणि उन्हाळ्यात रोज त्यात बादलीभर पाणी. हे आधीच करून घ्या.

दुसरा बर्फाच्या पाण्याचा. मासळीच्या क्रेटमधून खारं पाणी गळतं आणि हौदातून, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागातून, थेट चासिसवर, वायरिंगच्या जोडांवर उतरतं. हौदात जाड ताडपत्री घाला, पाणी नळीने मागे काढा, फेरीनंतर खालून गोड्या पाण्याने धुवा. दर पावसाळ्याआधी खालून गंज रोखणारं कोटिंग. यात कंजुषी केलीत तर डिझेलमध्ये वाचवलेले पैसे पत्र्यात जातील.

आणि बंद दिवस. १ जूनपासून मासेमारी बंदी लागते, हप्ता चालूच राहतो. गाडी उभी ठेवायची तर बॅटरी निम्म्यावर ठेवा, पूर्ण भरून किंवा रिकामी नको, आणि आठवड्याला एक चक्कर मारा. मी त्या दिवसांत आंबा-काजूची कलमं पोचवतो. पावसाच्या तोंडावर लागवडीला मागणी असते. तुमच्या ओळखीत रोपवाटिका असेल तर आत्ताच बोलून ठेवा.